कुंभारी रोडवरचं मेक्सिको

आमच्या चौघांचे किस्से मुद्दाम कुणी जमवलेले नाहीत. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंप असतं, आणि पिंप कितीही घासलं तरी तळाला गाळ धरतोच. तसं आहे हे. चार माणसं शाळेपासून एकमेकांना सोडत नाहीत, दर रविवारी कुणाच्या तरी गॅलरीत चहा पीत बसतात, म्हटल्यावर तळाला काहीतरी साचणारच. पूर्वी हे किस्से सांगताना मला स्वतःलाच हसू यायचं. गेल्या डिसेंबरपासून येत नाही. तरी सांगतो, कारण नाही सांगितले तर ते माझ्या एकट्याजवळ राहतील आणि ते मला परवडत नाही.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगून टाकतो. पहिला पक्या, म्हणजे प्रकाश. टाइल्सचा धंदा, नवीन गाडी, कुंभारी रोडला फार्महाउस. दुसरा मल्लू, मल्लिनाथ. किराणा दुकान. घरात कानडी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. तिसरा शिनू, श्रीनिवास. भवानी पेठेत त्याचा चादरींचा कारखाना. चौथा मी, दिलीप, एका शाळेत क्लार्क. ज्याच्या आयुष्यात काही घडत नाही तो दुसऱ्यांचे किस्से सांगतो, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

* * *

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पक्याच्या फार्महाउसवर पार्टी असते. आधी पार्टी म्हणजे चुलीवरचं मटण, मल्लूसाठी वांग्याचं भरीत आणि लिंबाखाली सतरंजी. मग पक्याच्या बायकोला, रूपाली वहिनींना, 'थीम' हा शब्द सापडला. तेव्हापासून आम्ही कधी माणसं म्हणून पार्टीला गेलो नाही.

एका वर्षी राजस्थानी. मल्लूनं बांधलेला फेटा जेवताना आमटीत सुटला. पुढच्या वर्षी रेट्रो, म्हणजे जुन्या काळातले कपडे घालून यायचे. मी ऑफिसला जातो तोच शर्ट आणि तीच पँट घालून गेलो आणि मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक रूपाली वहिनीच होत्या. "भावजी, किती मनापासून तयारी केलीत," असं त्या माइकवर म्हणाल्या. माझी बायको मनीषा तिथूनच स्कूटरकडं चालू लागली.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर ग्रुपवर मेसेज आला, 'यंदा मेक्सिकन.' खाली टोप्या आणि मिरच्यांची चित्रं. मल्लूनं लगेच व्हॉइस मेसेज टाकला, "मेक्सिको कुटं आलं बे?"

पक्यानं लिहिलं, 'अमेरिकेच्या खाली.'

"म्हंजे आपल्या खाली विजापूर हाय तसं. मग येतो की."

* * *

पोंचो म्हणजे मधोमध भोक असलेलं जाड पांघरूण. भोकातून डोकं काढायचं आणि बाकीचं अंगावर सोडायचं. रूपाली वहिनींनी ग्रुपवर त्याचे फोटो टाकले. लाल, हिरवे, पिवळे पट्टे, कडेला दशा. शिनूनं फोटो बघून लिहिलं, 'वहिनी, ही तर आमची चादर हाय की.' हे एक वाक्य त्यानं लिहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पक्या मला गाडीत घालून भवानी पेठेत घेऊन गेला. शिनूच्या कारखान्यात एके काळी बारा माग होते. गल्लीच्या तोंडापासून त्यांची खडखड ऐकू यायची. गेल्या काही वर्षांत आठ माग एकेक करून भंगारात गेले. उरलेल्या चारांतले दोनच चालायचे, आणि त्या चारांनाही भंगारवाला बघून गेला होता. संक्रांत झाली की उचलतो म्हणाला होता.

शिनूच्या वडिलांना आम्ही सगळेच नायना म्हणतो, तेलुगू घरात वडिलांना म्हणतात तसं. नायनांचं वय ऐंशीच्या पुढं. रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते मागाजवळ स्टूल टाकून बसतात. बंद असलेल्या मागाजवळसुद्धा बसतात. शिनू मला एकदा म्हणाला होता, "मला कारखान्याचं काय न्हाई बे. पण माग गेले की नायना पण जातील. त्यांच्यासाठी चार तरी ऱ्हाऊ देत." त्याचं मागणं एवढंच होतं. चार माग.

पक्याला हे माहीत होतं, म्हणून त्यानं बरोबर तिथंच हात घातला. म्हणाला, "आमचा पोरगा रोहित येतोय ह्यूस्टनहून, त्याच्याबरोबर त्याचा मित्र येतोय, किरण. त्यांची तिकडं तीन दुकानं हायेत, मेक्सिकन पार्टीच्या सामानाची. तुझी चादर पोंचो म्हणून त्याला दाखवायची. आवडली की ऑर्डर. तू फक्त तीस चादरी दे, बाकी माझ्यावर सोड."

शिनूनं विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. तीस चादरी काढल्या, त्याही चांगल्या जड वाणाच्या. नायनांनी प्रत्येक चादर खिडकीच्या उजेडात धरून पास केली. एखादा धागा सुटलेला दिसला तर ते चादर बाजूला टाकतात. त्या दिवशी तीसच्या तीस पास झाल्या. "फॉरेनला जालालाय माल," असं ते समोरच्या गिरणीवाल्याला सांगत होते.

पक्यानं डिकी उघडली, चादरींकडं बघितलं आणि शिनूला म्हणाला, "चांगल्या पिशव्या न्हाईत का रे?"

* * *

भोकं पाडायचं काम माझ्या घरी आलं. मनीषाकडं शिलाई मशीन आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे शिनूला ते काम नायनांसमोर करायचं नव्हतं. भोकांचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांच्या समजुतीनं चादरी पाहुण्याला दाखवायला गेल्या होत्या, घडीसकट.

भोक केवढं पाडायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी मल्लूच्या डोक्याचं माप घ्यायचं ठरलं. शाळेत एनसीसीची एकही टोपी त्याच्या डोक्यात गेली नव्हती, म्हणून सरांनी त्याला परेडच्या वेळी चपला राखायला बसवलं होतं. मल्लू स्टुलावर बसला, मनीषानं टेप लावली. "ह्यातनं माझं डोकं गेलं म्हंजे अख्खं सोलापूर जातंय," मल्लू म्हणाला.

पहिली चादर फरशीवर पसरली. मनीषानं मध्य काढून खडूनं गोल आखला आणि कात्री शिनूच्या हातात दिली. चादर त्याची, तेव्हा पहिला मान त्याचा. शिनू कात्री धरून उकिडवा बसला. बसला तो बसलाच. मग त्यानं कात्री माझ्या हातात दिली, "तू काप," म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

जड चादर कापताना करकर आवाज होतो. चौथ्या की पाचव्या चादरीला गॅलरीतून शिनू म्हणाला, "टीव्ही लाव की जरा."

मी टीव्ही लावला, आवाज वाढवला आणि उरलेल्या सगळ्या कापल्या. मनीषानं प्रत्येक भोकाला लाल गोट लावला. काम इतकं सुबक झालं होतं की कुणालाही वाटावं चादर मागावरून अशीच उतरली.

* * *

मेक्सिकन टोप्या पुण्यात मिळतात असं कळलं होतं. पण पक्या म्हणाला, टोपी म्हणजे काय, उलटी टोपलीच की. आम्ही दोघं बुरूड गल्लीत गेलो. एक म्हातारी दारात बसून टोपली विणत होती.

"डोक्यावर बसंल अशी टोपली पाहिजे, आज्जी."

"डोक्यावर काय वाहायचं हाय?"

"वाहायचं काय न्हाई. नुसती घालायची, फोटोसाठी."

म्हातारीचे हात थांबले. "आमची सासू जल्मभर डोक्यावर पाटी घेऊन फिरली," ती म्हणाली, "तिचा एक बी फोटो न्हाई घरात."

"भारी डायलॉग," असं म्हणून पक्या हसला आणि तिच्याशी घासाघीस करून वीस टोपल्या गाडीत टाकल्या. मीही हसलो होतो, ते लपवत नाही.

* * *

जेवणाचं खातं मल्लूच्या बायकोकडं होतं, महादेवी वहिनींकडं. रूपाली वहिनींनी मोबाइलवर एकेक पदार्थ दाखवायचा आणि महादेवी वहिनींनी म्हणायचं, हे आमच्याकडं असतंय की. नाचोज म्हणजे कडक भाकरीचे तुकडे. टाको म्हणजे मऊ भाकरी दुमडून आत राजम्याची उसळ. साल्सा म्हणजे टोमॅटोची चटणी. अडलं फक्त अ‍ॅव्होकॅडोवर. चार फळं पुण्याहून मागवली, ती दगडासारखी कडक निघाली. महादेवी वहिनींनी ती आंब्यासारखी तांदळाच्या डब्यात पिकायला घातली आणि विसरल्या. आठवण झाली तेव्हा फळं काळी आणि तांदूळ वास मारणारे. मग हिरव्या वाटाण्याचा ठेचा करून त्याच्यापुढं अ‍ॅव्होकॅडोच्या चटणीचं इंग्रजी नाव लिहिलेलं कार्ड ठेवलं.

मल्लू सगळं टेबल बघून म्हणाला, "म्हंजे आमची अज्जी जल्मभर मेक्सिकनच जेवली म्हणा की."

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पण महादेवी वहिनी पार्टीच्या दिवशी पहाटे उठून भाकऱ्या थापत होत्या. जेवताना पक्याच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रूपाली, काय चव आहे गं! कुठून मागवलंस?"

रूपाली वहिनी म्हणाल्या, "आहेत आमच्या ओळखीत एक बाई. ऑर्डरप्रमाणे करून देतात."

महादेवी वहिनी तिथंच ठेच्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या अंगात पोंचो होता, डोक्यावर टोपली होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भावजी, ठेचा वाढू का अजून?"

मी ताट पुढं केलं. दुसरं काय करणार होतो.

* * *

आता पिन्याटा. मेक्सिकोत म्हणे कागदाच्या लगद्याचा एक पोकळ प्राणी करतात, पोटात चॉकलेटं भरतात, उंच टांगतात, आणि डोळे बांधून काठीनं फोडतात. आपली दहीहंडी म्हणा. रूपाली वहिनींनी गणपतीचे देखावे करणाऱ्या एका कारागिराला मोबाइलवर बैलाचा फोटो दाखवला आणि असा करा म्हणून सांगितलं.

कारागीर बिचारा सवयीचा माणूस. त्यानं बैल बसलेला केला. पाठीवर झूल रंगवली. गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना सोनेरी वर्ख. पार्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजता टेम्पोतून पिन्याटा उतरला आणि मल्लूनं पायातल्या चपला काढल्या.

"हा नंदी हाय," मल्लू म्हणाला.

"अरे, पिन्याटा आहे तो," रूपाली वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, माझं आयुष्य गेलं सिद्धेश्वराच्या देवळात. मला नंदी कळतोय."

महादेवी वहिनींनी तोवर कुठून तरी झेंडूचं फूल आणून त्याच्या पुढ्यात ठेवलंही होतं. आता त्याला टांगणार कोण आणि काठीनं मारणार कोण? पक्यानं काठी उचलली, पाहुण्यांकडं बघितलं आणि खाली ठेवली. त्याची निम्मी गिऱ्हाइकं लिंगायत. शेवटी नंदीला टेबलावर आडवा करून पोटाखालून ब्लेडनं हळूच चीर दिली आणि चॉकलेटं काढून घेतली. तेवढा वेळ मल्लू तोंड फिरवून उभा होता.

संध्याकाळी तो नंदी मल्लू आपल्या मांडीवर घेऊन घरी गेला. पक्या त्याला चिडवत होता, "देव फोडायला न्हाई जमत, पण पोटातली चॉकलेटं खायला जमतात की रे." मल्लूनं खिशातली दोन चॉकलेटं काढून पक्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. त्यानंतर महिनाभर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

* * *

शिनूनं पार्टीला नायनांना आणलं होतं. ते स्वतःच म्हणाले, मला तो फॉरेनचा माणूस बघायचा हाय. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांना आम्ही लांब लिंबाखाली खुर्ची दिली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला अंधुकच दिसतं. त्यांना तिथून फक्त रंग दिसत असणार. दुपारच्या उन्हात तीस माणसं घामानं निथळत आपल्या चादरी अंगावर घेऊन फिरत आहेत, एवढं त्यांना दिसलं, आणि ते खुर्चीत ताठ बसले.

किरण आला. मेक्सिकन सामानाचा दुकानदार म्हणून आम्ही काय काय कल्पना केल्या होत्या, तर पोरगा निघाला मूळचा करीमनगरचा. शिनूच्या वाडवडिलांचं गाव तिकडंच. शिनूला वाटलं देवच पावला. त्यानं त्याच्याशी तेलुगूत बोलायला सुरुवात केली. गाव कोणतं, घराणं कोणतं, तुमच्यात पण विणकाम होतं का. किरण ऐकून घ्यायचा आणि इंग्रजीत उत्तर द्यायचा. पोरगा वाईट नव्हता. त्याला घाई होती इतकंच.

त्यानं पोंचो अंगावर घातला, दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि म्हणाला, "अंकल, टू हेवी." मग समजावून सांगितलं. त्यांच्याकडं जे पोंचो विकतात ते पातळ असतात, अ‍ॅक्रिलिकचे. लोक एका पार्टीपुरते घेतात आणि टाकून देतात.

शिनू म्हणाला, "टाकून द्यायची गरजच न्हाई. आमची चादर वीस वर्सं टिकती. गॅरंटी."

"ट्वेंटी इयर्स?" किरण हसला. "दॅट्स द प्रॉब्लेम, अंकल."

आणि जाता जाता, अगदी सहज, त्यानं सांगून टाकलं की हे त्यानं प्रकाश अंकलना पंधरा दिवसांपूर्वीच फोनवर कळवलं होतं. जड माल चालणार नाही म्हणून.

शिनूनं पक्याकडं बघितलं. पक्या स्पीकरच्या वायरी नीट करत होता. नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "अरे, तवर तू तीसच्या तीस कापून बसला होतास. मग सांगून काय उपयोग?"

 पक्या माझा मित्र आहे असं म्हणायला तेव्हापासून माझी जीभ अडखळते.

* * *

चारही माग जानेवारीत भंगारात गेले, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. राहिला तो त्याच दुपारचा एक किस्सा.

किरण बाजूला झाल्यावर शिनू लिंबाखाली गेला. नायनांनी विचारलं, काय म्हणाला? शिनूला खरं सांगवेना. जड चादर लोकांना नको झालीय, हे तो त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? तो एवढंच म्हणाला, "माल पसंत न्हाई पडला, नायना."

 नायना काठी टेकत उठले आणि सरळ पाहुण्यांत आले. समोर रूपाली वहिनी होत्या. नायनांनी त्यांच्या पोंचोचा काठ हातात धरला, कापड चाचपत हात वर नेला आणि भोकापाशी थांबले. गोटावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या डॉक्टरीणबाई. मग मल्लू. मग मी. पाच-सहा माणसं झाल्यावर ते शिनूकडं वळून म्हणाले, "सगळ्याला एकाच जागी हाय."

मागावर काम केलेला माणूस तो. प्रत्येक चादरीला एकाच जागी भोक म्हणजे मागातच दोष, हे त्यांचं गणित बरोबर होतं. स्वतः पास केलेल्या मालात ते सुटलं, तर चूक आपल्या डोळ्याची, असंच त्यांनी धरलं असणार.

नायना पुन्हा रूपाली वहिनींपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "तप्पु अयिंदि," ते म्हणाले. मल्लू माझ्या कानाशी पुटपुटला, "चूक झाली म्हणतायत." पुढचं नायना मराठीत बोलले. "आमच्या मागाची चूक हाय, बाई. भोक पडल्याला माल तुमच्याकडं आला. कुणीतरी वरनं गोट लावून झाकलं. असं आमच्यात करत न्हाईत. सोमवारी घरी या, बदलून देतो."

रूपाली वहिनी हसून म्हणाल्या, "हो हो, येऊ की काका."

नायना दुसऱ्याकडं गेले. मग तिसऱ्याकडं. प्रत्येकापुढं हात जोडून तेच. कुणी म्हणालं, किती गोड आहेत. कुणी मोबाइलवर शूटिंग घेत होतं. शिनूनं त्यांना थांबवलं नाही. मल्लूनं नाही, मीही नाही. माझ्या एका हातात दुमडलेली भाकरी होती आणि मी ती खात होतो. किरण निघायच्या तयारीत गाडीजवळ उभा होता. नायना त्याच्याशी तेलुगूत बोलले, तेव्हा त्या पोरानं टोपली काढली, खाली वाकून त्यांचे जोडलेले हात धरले आणि पहिल्यांदाच तेलुगूत बोलला, "परवालेदु, ताता." राहू द्या आजोबा, एवढाच त्याचा अर्थ. आम्हा तिघा मित्रांना तेवढंही सुचलं नव्हतं.

मला वाटलं होतं, सोमवारी कोण जाणार आहे. साडेदहाला शिनूचा फोन आला. "दिल्या, लगेच ये बे. नायना ऐकंनात."

सकाळीच पक्याचा ड्रायव्हर अकरा पोंचो घेऊन आला होता आणि अकरा नव्या चादरी घेऊन गेला होता. रूपाली वहिनींनी त्याला सांगून पाठवलं होतं, काका स्वतःच बदलून देतो म्हणालेत. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या, त्यांना निळ्या रंगात हवी होती. कारखान्यातला माल संपला तशी नायनांनी घरातली पेटी मागाजवळ आणून उघडायला लावली. शिनूच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या चादरी त्यात होत्या.

मी शाळेतून रजा टाकून निघालो ते हे थांबवायला. निघताना मी माझा पोंचो काखेत मारला. का मारला, ते मला अजून सांगता येत नाही.

दोन्ही चालते माग त्या दिवशी बंद होते. नायना स्टुलावर बसले होते, शेजारी परत आलेल्या पोंचोंची चळत घडी घालून ठेवलेली. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या काखेतला पोंचो ओढून घेतला, मांडीवर पसरला, नखानं गोटाची शिलाई इंचभर उसवली आणि आतली कड चांगल्या डोळ्याजवळ नेली. मागाच्या चुकीनं पडलेल्या भोकाचे धागे फरफटलेले असतात, एवढं मलासुद्धा कळतं. हे धागे सगळे एका मापाचे होते, कात्रीनं कापलेले. नायनांनी माझ्याकडं बघितलं.

मी त्या चळतीकडं बघितलं. प्रत्येक पोंचोचा गोट इंचभर उसवलेला होता. अगदी तळातल्या पहिल्याचासुद्धा.

शिनू दारात उभा होता. तो म्हणाला, "नायना, हा घरचाच हाय. ह्याला नको."

नायनांनी पेटीत हात घातला. एक चादर काढली, घडी नीट केली आणि माझ्यापुढं धरली.

"घे," ते म्हणाले. "चांगली हाय."

मी ती घेतली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली.